एकदा विरघळलं की

— नाही नाही, आवाज येतोय ना! तेच तर सांगतोय ताई, आवाज अगदी व्यवस्थित येतोय. कान लावून बघा हवं तर, इथे, मागच्या बाजूला — घर्र्र करतोय की नाही? लाईटही लागतोय. दार उघडलं की लागतो, मिटलं की विझतो — विझतो की नाही ते आत बसल्याशिवाय कळायचं नाही म्हणा, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते. फ्रीजचं सगळं चालू आहे, फक्त गार होत नाहीये. आयुष्यभर बस चालवली मी, मशीनचा आवाज मला कळतो, हा आवाज काही आजारी मशीनचा नाही. पण आत हात घाला — घाला ना — कसं वाटतं? कपाटात हात घातल्यासारखं. हो, बाहेरून बाजूच्या भिंती गरम लागतात. चांगलं असतं ते? मला वाटलं वाईट. हात लावला आणि म्हटलं, आता पेट घेतोय की काय. बरं. चांगलं आहे म्हणता ना? मग ठीक आहे. एक तरी चांगलं निघालं.

मला वाटलं दुरुस्तीला कुणी गडी माणूस येईल. नाही, तसं काही नाही, तुम्ही आलात हे उत्तमच झालं, फोनवर आवाज ऐकला तेव्हा वाटलं ऑफिसातल्या बाई असतील, निरोप घेतायत. ही पिशवी इथे ठेवा. थांबा, खुर्ची सरकवतो. ओट्यावरचा पसारा बघू नका, घरातल्या बायका सगळ्या हॉस्पिटलात आहेत, मी एकटा. नाही, आजारी कुणी नाही. म्हणजे — आजारी नाही म्हणायचं. माझी लेक, बबी, बाळंत झाली. हो, मुलगी. अभिनंदन वगैरे — हो, थँक्यू, थँक्यू — ते जरा — थोडं लवकर झालं. थोडं म्हणजे बरंच. दोन महिने आधी. तुम्ही बघा ना ते, मी काय बडबडत बसलोय.

बर्फ का काढला? साठला होता म्हणून काढला. मागच्या भिंतीला असा बोटभर थर, आणि खालचा खण अडकलेला, ओढला तरी येईना. आणि तो खण मोकळा व्हायला हवा होता, कारण बाटल्या ठेवायला जागा उरली नव्हती. त्या — त्या बाटल्यांना जरा जपून हात लावा. औषध आहे. बाळाचं. औषधच म्हणायचं. तर म्हटलं, आपण घरात रिकामे, सगळी तिकडे राबतायत, जावई ऑफिस सांभाळून खेपा घालतोय, बायको बाकावर बसून आहे, लेक तर — आणि आपण इथे काय, तर कुकर लावतो आणि जिन्यात पावलं वाजली की दार उघडतो. बायको जाताना म्हणाली होती, अहो, तुम्ही फक्त घरात थांबा, कशालाही हात लावू नका. असंच म्हणाली. नेहमीच म्हणते. आता तुम्ही सांगा, धडधाकट माणसाने नुसतं थांबायचं म्हणजे काय? म्हणून काल दुपारी बटण बंद केलं, दार उघडं टाकलं, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं — यूट्यूबवर तसंच दाखवतात — बाटल्या मोठ्या टोपात काढल्या, वर ओला टॉवेल, त्यावर दोन चादरी. दोन तासांत खण निघाला. काय आनंद झाला सांगू! पुसून लख्ख केला. वाटलं, लेक घरी येईल, बघेल, म्हणेल बाबा, हे कुणी केलं.

पूर्ण बर्फ? पूर्ण कसा जाईल दोन तासांत — खण निघाला ना, मला खणाशी मतलब. मागच्या पत्र्याच्या आतलं मला काय दिसतंय? अख्खा दिवस बंद ठेवायला लागतो? अख्खा दिवस! मग बाटल्या कुठे ठेवायच्या मी, खिशात?

माफ करा. आवाज चढला माझा.

चाकू? छे, चाकू नाही. लाकडी उलथनं. त्याने हळूहळू, असं गोंजारल्यासारखं. तो ओरखडा जुना असेल. जुना फ्रीज आहे, असतात ओरखडे. — बरं. बरं, स्क्रूड्रायव्हर. एकदाच. दोनदा. अशा नजरेने बघू नका, माझी बायको अशीच बघते. एका कोपऱ्यात बर्फ हट्टाने बसला होता म्हणून जरा टोचलं. सुस्स असा आवाज? नाही. वास? नाही, कसलाच नाही आला. का? नळी फुटली असती तर? तर गॅस गेला असता आणि मग — मग काय? आज दुरुस्त झालाच नसता? तुम्ही नीट बघा ना ताई, नीट बघा. तो बॅटरीचा उजेड जरा जवळ घ्या. द्या, मी धरतो. नको? उजेड स्थिर हवा? बरं. तुम्हीच धरा.

नाही फुटली? नक्की? अहो, बोलाल की नाही पटकन! माणसाचा जीव जातो तुमच्या त्या एका ‘हं’ने.

तुम्हाला सांगतो, उतारावर एकदा ब्रेक गेला होता माझ्या गाडीचा. गाडी भरलेली, उभी माणसंसुद्धा, पुढे वळण. हात नाही थरथरला. गिअर खाली, कडेला घासत घासत नेली, दगडाच्या ढिगाऱ्यात घातली. माणसं उतरली, एकेकाने माझे हात धरले, आणि मी म्हणालो, चला, दुसरी गाडी मागवतो. चहा प्यालो मी तिथे! भीती कळलीच नाही. कारण काय करायचं ते ठाऊक होतं ना — पाय इथे, हात इथे. आणि आता हे पांढरं कपाट. याला ना स्टिअरिंग ना काही. रबर ठीक आहे म्हणता दाराचं? कागद अडकतोय म्हणजे ठीक? आणि गोल बटण फुल्लवर आहे, हो, मीच फिरवलं ते. काल संध्या — आज सकाळी. सकाळी फिरवलं.

वाजू दे तो फोन. तुम्ही नका लक्ष देऊ. घरचाच आहे. मी करतो मग. तुमचं चालू द्या.

तर — कुठे होतो मी? हां. बाटल्या. हे बघा, तुम्ही बाई माणूस आहात म्हणून — गडी असता तर मी सांगितलंच नसतं, औषध म्हणून गप्प बसलो असतो. दूध आहे ते. लेकीचं. बाळाला ओढता येत नाही अजून, तेवढी ताकद नाही, काचेच्या पेटीत आहे, नाकातून नळी आहे, त्या नळीने देतात — किती, तर तुम्ही बाहुलीला पाजाल तेवढं. आणि लेक मशीनने काढते. पहिले दिवस घरी येऊन-जाऊन होती ना, हॉस्पिटल इथून जवळ, म्हणून नवराबायको माझ्याकडेच राहिलीत. भिंतीपलीकडून आवाज यायचा त्या मशीनचा, घूं-खट, घूं-खट, आणि मध्येच बंद, आणि मग ती रडायची. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून रडायची. मी इकडे टीव्ही मोठा करायचो. काय करणार, बापाने काय करायचं अशा वेळी? एवढं एवढं निघायचं तळाला. ते बाटलीत, बाटलीवर चिकटपट्टी, फ्रीजरमध्ये. आता तर अजूनच कमी झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या काळजीने कमी होतं, आणि काळजी करू नका म्हणाल्या. ही बरी रीत आहे. आता दिवसरात्र तिथेच असते ती, सकाळचं ताजं तिथे काढते तेच देतात, ते पुरत नाही, म्हणून दुपारपासून इथल्या बाटल्या. हा सगळा खण म्हणजे — तिची सगळी शिल्लक आहे हो ती.

मी एकदाच बघितलं बाळाला. काचेतून. बायको म्हणाली, बघा, नाक तुमचं आहे. मला नाक दिसलंच नाही, मला फक्त पोट दिसलं, असं वर-खाली, वर-खाली, इतकं भराभर — आणि मध्येच थांबायचं. थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. ते थांबलं की माझाही श्वास थांबायचा. मी परत गेलो नाही. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. सर्दी असली की आत सोडत नाहीत, त्यामुळे कुणी आग्रह केला नाही. सर्दीबिर्दी काही नाही मला. हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? तुम्ही स्क्रू काढा.

केव्हापासून गार होत नाही, केव्हापासून गार होत नाही — तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही! त्याने काय फरक पडतो? मशीनला फरक पडत असेल, बरं. पण सांगितलं की मी. सकाळी. जावई पिशवी घेऊन गेला त्यानंतर सहज उघडून बघितलं, बाटल्या मऊ लागल्या, लगेच तुम्हाला फोन केला. बस्स. — पिशवीत काय म्हणजे? बाटल्याच. चार. बर्फाच्या पिशवीत घालून. दुपारच्या आणि संध्याकाळच्या. — हो, तेव्हा घट्ट होत्या. घट्टच. बऱ्यापैकी घट्ट.

अरे बापरे. हे सगळं आत होतं? एवढा बर्फ? या पत्र्यामागे? आणि तो काळा — तो पंखा? तो पंखा आहे? मला ठाऊकच नव्हतं आत पंखा असतो म्हणून. पूर्ण गिळलाय की त्याला बर्फाने. म्हणजे वितळलेलं पाणी खाली उतरलं, मी बटण चालू केलं, आणि ते तिथेच पात्यांना धरून परत गोठलं? म्हणजे गारवा मागेच तयार होतोय, पुढे यायला वारा नाही. अच्छा. अच्छा! म्हणजे फार मोठं काही नाही? गॅस नाही, मशीन नाही, नुसता पंखा अडकलाय? अहो मग — मग होईल की चालू! थांबा, ड्रायर ना, केस वाळवायचा — लेकीचा आहे, आत आहे, आणतो. आणतो आणतो.

हा घ्या. प्लग इकडे लावा. आधी फ्रीजचा काढलाय ना? हो, काढलाय. लांबून धरा, हो, तुम्हालाच माहीत सगळं, मी गप्प बसतो. — किती वेळ लागेल? नाही, घाई नाही. म्हणजे आहे. घड्याळ जरा पुढे आहे ते. बारा वाजायला आलेत का? बाराला दूध देतात तिथे.

परत वाजतोय. दुसऱ्यांदा. नाही उचलायचा मला. ताई, तुम्ही ड्रायर बंद का केलात? चालू ठेवा ना. चालू ठेवा, त्याच्या आवाजात तो ऐकू तरी येत नाही.

असं बघू नका.

काय विचारलंत? मागचा भाग तेवढा गार आहे, मग मागच्या बाटल्या वरून गोठल्यात आणि आतून पातळ कशा? असं कसं म्हणजे — असतं तसं. मला काय कळतंय त्यातलं. हलवलीत का तुम्ही बाटली? कशाला हलवलीत? — हो. हो, थर दिसतोय. एक पांढरा, एक पिवळट, आणि मध्ये ती बर्फाची कड. एकदा पातळ होऊन परत धरलाय, असं म्हणताय ना? एवढं तुम्हाला बाटली हलवून कळतं?

मग तिथे नर्सला कळेल का? तुम्हाला काय वाटतं, कळेल का तिला?

बस पोरी जरा. म्हणजे — बसा. बसा तुम्ही. मीच बसतो.

काल संध्याकाळी. काल संध्याकाळीच बघितलं मी. दूध तापवायला — आपलं, चहाचं दूध घ्यायला उघडला, आणि खाली हात घातला तर बाटली मऊ. हलवली तर डुचमळली. दुसरी, तिसरी, सगळ्या.  मी बटण फुल्लवर केलं, दार घट्ट लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो, कुणीतरी आतून ढकलत असावं तसा. म्हटलं, होतील. परत घट्ट होतील, सकाळपर्यंत होतील, काय बिघडतं, बर्फच तर आहे, पाण्याचा बर्फ वितळतो आणि परत होतो. पण मला माहीत होतं. मला माहीत होतं, ताई. लेकीने सांगितलं होतं, मला समोर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं — बाबा, एकदा विरघळलं की परत गोठवायचं नाही. परत गोठवलेलं बाळाला चालत नाही. तिचं पोट अजून कच्चं आहे, पोट बिघडलं तर सगळंच — आणि पुढचं ती बोलली नाही. मी म्हणालो, अगं, कळलं मला. भरलेल्या गाड्या सुखरूप नेणारा माणूस मी, मला काय शिकवतेस.

आणि सकाळी जावई आला. तोंड धुवायलाही थांबला नाही बिचारा, दारातूनच म्हणाला, बाबा, बाटल्या. मी खण उघडला. मागच्या रांगेतल्या चार जरा घट्ट लागल्या. जरा. मी त्या हातात धरून उभा होतो. बोलायचं होतं मला.  मग त्याने विचारलं, सगळं ठीक आहे ना, तुमची सर्दी काय म्हणते? आणि मी म्हणालो, ठीक आहे. आणि पिशवीत घातल्या. माझ्या हाताने, एकेक. चेनसुद्धा मीच लावली.

कारण सांगितलं असतं तर काय झालं असतं? लेकीला कळलं असतं की शिल्लक गेली. सगळं गेलं, तिने नळ सोडून सोडून काढलेलं सगळं. आणि बायको म्हणाली असती, मी सांगितलं होतं ना कशाला हात लावू नका. आणि लेकीला काळजी वाटली असती, आणि काळजीने दूध अजून कमी झालं असतं — असा मी हिशोब मांडला. आपल्याला सोयीचा हिशोब किती पटकन जमतो बघा. जावई गेला, जिन्यात त्याची पावलं वाजली, आणि मला हाक मारता आली असती. खिडकीतून मारता आली असती, गाडीला किक मारेपर्यंत. मी खिडकीत उभा होतो. त्याने वर बघून हात केला. मीही केला.

तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाजतोय. बायको तीनदा कशाला करेल? मला सांगा, काही झाल्याशिवाय माणूस तीनदा फोन करतं का? बाराच्या आधीच त्या बाटल्यांतलं दिलं असेल. ताजं संपलं असेल लवकर, आणि दिलं असेल, आणि — नको. आणू नका तो इकडे. ठेवा तिथे. मी उचलला नाही तोवर काही झालेलं नाही, कळतंय का तुम्हाला? उचलला की —

द्या.

हॅलो? हं. हो, मीच. — झोपलो होतो. नाही, झोपलो नव्हतो. तू बोल. बोल ना काय ते एकदाचं! — काय? — चष्मा?

चष्मा म्हणतेय. पिशवीत चष्मा टाकायला विसरलो मी तिचा. चष्म्यासाठी तीनदा — अगं, चष्म्यासाठी तीनदा फोन करतात का! नाही, ओरडत नाहीये. नाही. संध्याकाळी देतो पाठवून. हो, जेवलो. सर्दी बरी आहे. बाळ — बाळ कसं आहे? झोपलंय. बरं. बरं बरं. हो, ठेव तू. ठेव —

ठेवू नकोस! अगं, ठेवू नकोस. बबी कुठे आहे? बबीला दे. तुला नाही, बबीलाच दे. दे म्हणतो ना.

देतेय. ताई, तुम्ही जाऊ नका हं. तिथेच उभ्या राहा.

बबे. ऐक. ऐक आधी. सकाळच्या बाटल्या — ज्या पाठवल्या — त्या बाळाला देऊ नका. विरघळल्या होत्या त्या. काल. परत गोठल्या. मी — मीच फ्रीज बंद केला होता, बर्फ काढायला, तो गार झालाच नाही, आणि मला माहीत होतं, आणि मी दिल्या. दिल्यात का? बबे? दिल्या का त्यांनी? — हॅलो?

गेली. फोन कट नाही केला, चालू आहे. ऐका, ऐका तुम्ही — पळतेय ती. चपलांचा आवाज. टाके आहेत हो पोटावर तिच्या, डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून सांगितलंय आणि ती पळतेय. दार. ते दार वाजलं. काहीतरी बोलतायत, ओरडतेय ती कुणावर तरी. कळत नाहीये. तुम्हाला कळतंय का? तुमचे कान तरुण आहेत, काय म्हणतायत ते? हो म्हणाली का नाही म्हणाली? — थांबा. श्श. थांबा.

हॅलो. हं. हं, ऐकतोय.

नर्स भरत होती? नळीत — नळीत गेलं का? नाही गेलं. बाजूला ठेवली. नक्की ना? एक थेंबही नाही? बबे, नक्की ना? — हो. हो. ऐकतोय मी, बोल तू.

— सकाळी. नाही. काल संध्याकाळीच. हो, काल संध्याकाळी कळलं होतं मला. — नाही सांगितलं. — भीती वाटली गं.

 ताई, फोन चालूच आहे. मी काय बोलू? सांगा ना, काय बोलू तिला?

हं, बबे. हं. — सगळ्या? त्या मागच्याही? बघ ना, एखादी अगदी तळाची — बरं. बरं, सगळ्या. ओतून टाकतो. हो. आणि रिकाम्या? उकळून. दहा मिनिटं, झाकण ठेवून. हो, झाकणंसुद्धा वेगळी. कळलं. पुसायच्या नाहीत, पालथ्या घालायच्या, कळलं मला. जावई कधी येईल न्यायला? — काय? — चालू होतोय, पंखा अडकला होता बर्फात, एक ताई आल्यात, त्या — हो. सांगतो. — तू नीट बस आता. बसलीस ना? आणि टाके — टाके बघून घे तुझे. हॅलो?

ठेवला.

वाचलं ना? नळीसाठी भरत होते, पण नळीत गेलं नव्हतं. तुम्हीही ऐकलंत ना, एक थेंब नाही म्हणाली? मला परत एकदा सांगा. सांगा तुम्ही तुमच्या तोंडाने. — हो.

काही बोलली नाही मला. म्हणजे वाईट काही बोलली नाही. बोलायला हवं होतं तिने. बायको बोलेल, बायकोचं काही नाही, तिचं मी ऐकून घेईन. ही फक्त म्हणाली, बाबा, तुम्ही काल सांगितलं असतं तर मी काल रात्री जास्त वेळ बसले असते मशीनवर. एवढंच. आणि मग बाटल्या उकळून ठेवा म्हणाली. नुकतीच भीतीने पळत गेलेली पोर, आवाज फाटलेला, आणि मला झाकणं वेगळी उकळा म्हणून सांगते.

— अरे, तो वारा कसला? तुम्ही लावलात पण? हात घाला म्हणता? बघू. — आला हो. आला वारा. गार आहे. चांगला गार आहे. फिरतोय की तो, भिरभिर फिरतोय. पाणी जायचं भोक पण मोकळं केलंत? बरं झालं. संध्याकाळपर्यंत फार उघडायचा नाही, गरम काही ठेवायचं नाही, बटण मध्यावर, कळलं. आणि परत बर्फ साठला तर स्वतः हात लावायचा नाही, तुम्हाला बोलवायचं. हो. शपथेवर.

नाही, चहा नाही करत, रागावू नका. दुसऱ्या घरी जायचं असेल तुम्हाला. ही तुमची पिशवी. तो पाना राहिला, हा घ्या.

नको, ते राहू दे. राहू दे म्हटलं ना — खाली ठेवा ती बाटली. मदत करणार म्हणता, मोठं मन आहे तुमचं, पण ते मीच ओतायचं आहे. एकेक. मला वेळ लागेल आणि मला तेव्हा इथे कुणी नको आहे. तुम्ही या आता. दार बाहेरून ओढून घ्या, कडी जरा जोरात लागते, ओढा — आणि नळाचा आवाज आला तर थांबू नका. जा.